काठावरची काडी

सायकल माणसाला वाहून नेण्यासाठी असते, असे वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत माझे प्रामाणिक मत होते. १९७६ च्या दिवाळीच्या सुटीत ते बदलले.

मी आणि माझा एक मित्र आलापल्लीहून हेमलकशाला निघालो होतो. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चंद्रपुरातच मोडत असे. बाबा आमट्यांनी १९७३ साली हेमलकशाला सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प पाहायची आम्हांला हौस. अंतर सुमारे ६० किलोमीटर. "संध्याकाळच्या चहाला पोचू," असे मी नकाशावर बोट ठेवून सांगितले. नकाशात चिखल दाखवीत नाहीत!

सुरुवातीची सागाची राई संपेपर्यंत आम्ही गाणी म्हणत होतो. पुढे चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल असा ठासून बसू लागला, की चाक फिरेना. काडीने उकरून उकरून कंटाळलो, तेव्हा पान्याने मडगार्डेच काढून कॅरिअरला बांधली. मग तो चिखल माझ्या पाठीवर येऊ लागला.

अशा थाटात आम्ही एका नाल्यापाशी आलो. रात्रीच्या अवेळी पावसाने तो फुगला होता. काठावर एक म्हातारा माडिया बसला होता. पाण्याच्या कडेला त्याने एक काडी रोवली होती. मला पाहताच त्याने 'बस' अशी खूण केली. मला माडिया येत नव्हती, त्याला मराठी येत नव्हती. आणि मला तर घाई होती.

नाला जिथे सर्वांत अरुंद आणि शांत, तिथून मी सायकल खांद्यावर घेऊन उतरलो. पाणी जिथे पसरून दगडांवर खळखळते तिथे ते उथळ असते, आणि जिथे मुकाट असते तिथे खोल, हे मला पाचव्या पावलाला कळले. पाणी छातीला लागले. सायकल वाहू लागली आणि तिच्याबरोबर मी. मित्र धावत पाण्यात आला. हात पुढे करून ओरडला, "सायकल सोड!"

वडिलांनी फंडातून कर्ज काढून घेऊन दिलेली ती सायकल! मी ती दोन्ही हातांनी धरली होती. मित्राचा हात धरायला माझ्यापाशी हातच उरला नव्हता.

पाय सुटले, तेव्हा मी ती सोडली. शहाणपणाने नव्हे, भीतीने. मित्राने मला ओढले. त्याचा दुसरा हात त्या म्हाताऱ्याच्या मुठीत होता.

मग आम्ही तिघे काडीकडे पाहत बसलो. दुपारपर्यंत पाणी तिच्यापासून हातभर मागे सरले. म्हाताऱ्याने रुंद, खळखळती जागा दाखवली. तिथे पाणी जेमतेम गुडघाभर होते! फर्लांगभर खाली सायकल एका झाडाच्या मुळांत अडकलेली सापडली. हँडल वाकडे झाले होते, पण घंटी शाबूत होती. म्हाताऱ्याने ती दोनदा वाजवली आणि मनापासून हसला.

हेमलकशाला चहा मिळाला, तो दुसऱ्या दिवशी.

घरी आल्यावर वडिलांना सारे सांगितले. 'सोडलीस कशाला?' असे ते विचारतील, म्हणून मी खाली मान घालून उभा होतो. ते बराच वेळ त्या वाकड्या हँडलवरून हात फिरवीत राहिले. मग म्हणाले,

"इतका वेळ धरलीस कशाला?"