केरसुणी आणि सुई

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात. चोपड्या, नाणी आणि लाह्याबत्तासे यांच्या शेजारी ती शिंदीची केरसुणी मोठ्या मानाने बसते. लहानपणी मला याची फार मौज वाटे. वर्षभर दाराआड उभी राहणारी, चुकून पाय लागला तरच जिला नमस्कार मिळायचा, ती आज पाटावर! आजी सांगे, केरसुणी म्हणजे लक्ष्मीच. घरातली अलक्ष्मी ती बाहेर काढते. एकदा मी विचारले, "बाहेर म्हणजे कुठे?" आजी म्हणाली, "उंबऱ्याबाहेर." उंबऱ्यापलीकडचा भूगोल तिच्या लेखी तिथेच संपला होता. आणि खरे सांगायचे तर तिच्या काळी तो संपतही असे. केर परसातल्या उकिरड्यात जाई, कुजे, आणि मृगाआधी खत होऊन शेतात पडे. अलक्ष्मीची पुन्हा लक्ष्मी करण्याची ही सोय मला अजूनही आवडते.

सुईचे मात्र तसे नाही. सुई कुजत नाही.

आमच्या घरात सुई दोन वर्षांपूर्वी आली. अण्णांचा मधुमेह जुना. गोळ्यांना तो दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू केले. पहिल्या रात्री टोचून झाल्यावर सौभाग्यवती ती सुई चिमटीत धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"ही टाकायची कुठे?"

"कचऱ्यात. आणखी कुठे?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, घंटागाडीवरची बाई पिशवीत हात घालून ओला-सुका वेगळा करते. मी रोज बघते."

एवढे बोलून तिने फिनेलची रिकामी जाड बाटली शोधली, सुई आत टाकली आणि वरून झाकण घट्ट फिरवले. माझे विज्ञान शालान्त परीक्षेपाशी थांबलेले. तिचे तर त्याच्याही अलीकडे. पण कचरा कुणाच्या हातात पडतो हे ज्याला दिसते, त्याला विज्ञानाचा निम्मा धडा आपोआपच येतो.

माझ्या लहानपणी सुई टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या गावच्या दवाखान्यातला कंपौंडर काचेची पिचकारी आणि सुया एका चपट्या भांड्यात घालून स्टोव्हवर उकळत ठेवी. त्या खुळखुळाटानेच आम्हां पोरांच्या डोळ्यांत पाणी उभे राही. तीच सुई आज मला, उद्या शेजारच्या बंड्याला! पाणी नीट उकळले तर ठीक. न उकळले तर एकाचा रोग दुसऱ्याच्या दंडात. म्हणून एकदा वापरून टाकून द्यायची प्लॅस्टिकची पिचकारी आली. फार चांगले झाले. पण 'टाकून द्यायची' म्हणजे कुठे, हा माझा आजीला विचारलेला प्रश्न तसाच राहिला. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात 'ब' प्रकारच्या काविळीची मोठी साथ आली आणि अनेक माणसे दगावली. वापरलेल्या सुया-पिचकाऱ्या पुन्हा वापरल्या गेल्याचे त्या वेळी उघडकीस आले. टाकलेली सुई अशी मागल्या दाराने परत येते.

आता यंदाच्या ज्येष्ठातली गोष्ट सांगतो. माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. बुधवारी आली ती गप्प. मधल्या सुट्टीत विचारले, तर म्हणाली, "आईच्या हाताला सुई लागली, गुरुजी. हात सुजलाय. मी घरी स्वयंपाक करत होते."

तिची आई घंटागाडीवर काम करते; आमच्या आळीचा कचरा नेणारी बाई ती हीच. सोमवारी पहाटे कोपऱ्यावर कुणीतरी एक काळी पिशवी ठेवून गेले होते. वर भाजीची देठे, खाली रक्ताचा कापूस, सलाइनच्या नळ्या आणि सुया. कोणत्या दवाखान्याची, ते कधीच कळले नाही. अशा पिशव्यांवर कुणी नाव घालत नाही. बाईंच्या हातात कापडी मोजे होते. सुई त्यातून तळहातात शिरली. त्यांनी नळावर हात धुतला, चिंधी बांधली आणि उरलेल्या तीन गल्ल्या पुऱ्या केल्या.

मी अण्णांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आजच्या आज सरकारी रुग्णालयात न्या. एचआयव्ही टाळणारे औषध बहात्तर तासांच्या आत सुरू झाले तरच उपयोग." मी बोटांवर मोजले. सोमवारी सकाळचे सहा ते बुधवारी दुपारचा एक. पंचावन्न तास गेले होते. मुलांना गणिते घालणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला वजाबाकीची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

मोटारसायकलवरून जिल्ह्याच्या गावी पोहोचेपर्यंत बाई एकच प्रश्न विचारत होत्या, "आजचा खाडा धरतील का हो?"

डॉक्टर तरुण होते, पण उतावळे नव्हते. सुई कुणाला टोचलेली होती हे ठाऊक नसल्याने सगळ्याच शक्यता धराव्या लागतील, असे त्यांनी समजावले. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई लागली तरी तो रोग जडण्याचा संभव हजारात तीनच्या आसपास. 'क' काविळीचा त्याहून जास्त. आणि 'ब' काविळीची लस घेतली नसेल तर शंभरात तीसपर्यंत. बाईंनी लस घेतलेली नव्हती. ती त्याच दिवशी टोचली. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. रक्ताची तपासणी लगेच, मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी.

बाई आत असताना मी बाकावर बसलो होतो. समोर भिंतीशी रंगीत डबे मांडलेले. मी टक लावून पाहतो आहे हे बघून तिथल्या वडीलधाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही मुलांना रांगेत उभे करता ना? तसेच हे." आणि हातातले काम न थांबवता त्यांनी मला अख्खा पाठ दिला. रक्तामांसाचे, ड्रेसिंगचे ते पिवळ्या पिशवीत. ते भट्टीत जळणार, आणि धूरसुद्धा दुसऱ्या कप्प्यात हजार अंशांच्या वर तापवून मगच सोडायचा. नळ्या, सलाइनच्या बाटल्या, हातमोजे लाल पिशवीत. ते जाळायचे नाहीत, कारण त्यातल्या काही प्लॅस्टिकचा धूर विषारी. ते वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायचे आणि तुकडे करायचे, म्हणजे कुणी धुऊन विकू नये. काच निळ्यात. सुया नि पाती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. अठ्ठेचाळीस तासांच्या वर काही साठवून ठेवायचे नाही. देशात याचे नियम १९९८ साली झाले, २०१६ साली नव्याने झाले.

"आणि बाकीचे?" मी विचारले.

"बाकीचे म्हणजे तुमच्या घरच्यासारखेच. जेवणाची खरकटी, कागद, खोकी. दवाखान्याच्या कचऱ्यात शंभरातले पंच्याऐंशी भाग तसेच असतात. घातक काय ते पंधरा. पण हे पंधरा त्या पंच्याऐंशीत मिसळले, की सगळेच घातक."

लिंबाचा एक थेंब आणि दुधाचे पातेले! त्या काळ्या पिशवीतली भाजीची देठे मला आठवली. मिसळणाऱ्याला पांढरा डबा महाग वाटला असेल, किंवा आळस असेल. मला दोन्हींचा सारखाच राग येतो.

गोळ्यांनी बाईंना मळमळे. शेजारणींना त्या पित्ताच्या म्हणून सांगत, कारण त्या रोगाचे नाव वस्तीत उच्चारले तर पाणी भरायला कुणी शेजारी उभे राहणार नाही. ठेकेदाराने चार दिवसांचा पगार कापला तो कापलाच. मी दोनदा जाऊन आलो, चहा मिळाला. मात्र बाईंनी स्वतःच एक लोखंडी आकडा करून घेतला आहे. आता पिशवी त्याने उघडतात आणि प्रत्येक दारात विचारतात, "यात टोचायचं काही आहे का?" काही घरांना या प्रश्नाचा अपमान वाटतो. दोन घरांनी मात्र आमच्यासारखी बाटली केली आहे. भरल्या की त्या तिन्ही मी रुग्णालयात नेतो. सिस्टर कुरकुरतात आणि घेतात.

सहा आठवड्यांची तपासणी निर्दोष आली. तीन महिन्यांचीही आली. शेवटची मार्गशीर्षात आहे.

नवरात्र संपले त्या आठवड्यात बाई लेकीला घेऊन घरी आल्या. आत येईनात. उंबऱ्याशी उभ्या राहून पदराशी चाळा करत म्हणाल्या, "वहिनी, यंदा तुमच्याकडं करंज्या द्यायचं मनात होतं. पण शेवटचा रिपोर्ट आला की मगच आणते. माझ्या हातच्या..."

त्या रोगाचा करंजीशी काही संबंध नाही, हे मी समजावून सांगणार होतो. तोंडही उघडले होते. पण सौभाग्यवतीने मला बोलू दिले नाही.

"मार्गशीर्षापर्यंत करंज्यांचं सारण खवट होईल," ती म्हणाली. "वसुबारसेलाच आणा. आणि खसखस घाला, ह्यांना आवडते."