मी रुसले नव्हते

गेल्या महिन्यात भावाने मोबाईलवर शाळेचा एक निरोप मला पुढे पाठवला. भाचा पांढुर्ण्यात नववीला आहे. निरोप हिंदीत, दोनच ओळींचा. मुलाच्या डोक्यात रूसी आहे, ठीक होईपर्यंत घरीच ठेवावं, बाकीच्या मुलांना लागू शकते. खाली हात जोडल्याचं चित्र. भावाने विचारलं होतं, "ताई, काय करू?" मी लगेच उत्तर दिलं नाही. गॅस बंद केला आणि खुर्चीत बसून राहिले. तीस वर्षांनी तो शब्द पुन्हा आमच्या घरात आला होता.

आमचं गाव तिगाव. इटारसी-नागपूर रेल्वेवरचं छोटं स्टेशन, संत्र्याच्या बागा, कपाशी. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, बोली मात्र होती तीच. २०२३ पासून पांढुर्णा स्वतःच जिल्हा झाला, माझ्या वेळी छिंदवाड्याची तहसील होती. घरी मराठी, पुस्तकं हिंदी, आणि गुरुजी हिंदी पुस्तकातलं मराठीत समजावणार. आठवीपर्यंत असंच निभावलं. १९९४ ला नववीसाठी पांढुर्ण्याला जायला लागले, आणि तिथल्या बहनजी खरोखरच हिंदी बोलत.

गणवेश होता निळा कुर्ता, पांढरी सलवार, पांढरी ओढणी. सगळा घात त्या निळ्या रंगाने केला. सोमवारी प्रार्थनेनंतर नखं, केस, रिबिनी बघायच्या. बहनजी माझ्यापाशी थांबल्या, पट्टीच्या टोकाने माझ्या खांद्यावरची ओढणी जराशी बाजूला केली आणि म्हणाल्या, "तुम्हारे तो रूसी है."

आमच्या घरी डोक्यातून पडतो त्याला कोंडा म्हणत. दळण चाळल्यावर उरतो तोही कोंडाच, तो आजी गाईच्या घमेल्यात टाकायची. 'रूसी' मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. मला वाटलं, बहनजी विचारताहेत, मी रुसलेय का. त्या दिवशी माझा चेहरा तसा असेलही, सकाळची बस चुकता चुकता राहिली होती. मी अगदी मनापासून सांगितलं, "नहीं बहनजी, मैं कहाँ रूसी?"

मुली खो खो हसल्या. दोन रांगा मागून कुणीतरी तेच वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवलं. बहनजींना वाटलं, पोरगी तोंड वर करून उत्तर देते. पट्टी हातावर बसली. ती फार लागली नाही. लागलं ते पुढचं. वर्गात गेल्यावर माझं दप्तर पुढून उचलून शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी ठेवलं गेलं, आणि शेजारच्या मुलीला तिथून उठवलं. "औरों को लग जाएगी." राखीच्या आसपासची ही गोष्ट. दिवाळीच्या सुट्ट्या लागेपर्यंत मी त्या बाकावर एकटी होते. मधल्या सुट्टीत मुली माझ्या डब्यातलं लोणचं घ्यायच्या नाहीत. कंगवा तर सोडाच, माझं खोडरबरसुद्धा कुणी मागेना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावात गोटमारीची जत्रा म्हणून शाळा बंद होती, त्याच्या नंतरच्या दिवशी वाटलं, आता विसरल्या असतील, आणि मी हळूच तिसऱ्या बाकावर बसले. बहनजींनी हजेरी घेता घेता, मान वरही न करता, बोटाने मागे दाखवलं.

आज मला सगळ्यात जास्त राग येतो तो असा, की खात्री करून घ्यायला एक मिनिटही लागलं नसतं. डोक्यात पांढरं दिसलं की शाळांना उवांची भीती वाटते, ते ठीक आहे. पण लिख केसाच्या दांडीला चिकटून बसते, फुंकर मारली तरी हलत नाही, नखाने ओढून काढावी लागते. कोंडा झटकला की पडतो. उवा खरंच एकमेकींना लागतात. कोंडा लागत नाही. एकदा माझ्या डोक्यावर फुंकर मारून पाहिली असती तरी पुरे होतं.

मग आईला बोलावणं गेलं. भादव्यात निंदणाचे दिवस, रोज बुडवून ती आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, हातात माझ्यासाठी आणलेली भाकर. बहनजी हिंदीत, आई आपल्या भाषेत. "हफ्ते में कितनी बार नहलाती हो?" आई म्हणाली, "रोज आंगोय करते बाई. रोज." बहनजी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत, फक्त "सफाई रखा करो" म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये आई एक शब्द बोलली नाही. जिच्या अंगणातला सडा कुणाच्याही आधी पडायचा, त्या बाईला भर शाळेत कुणीतरी घाण म्हणून गेलं होतं. तिने ते माझ्या डोक्यावर काढलं.

रोज रात्री तेल. खोबऱ्याचं महाग, म्हणून घाण्यावरचं फल्लीतेल, टाळू थबथबेपर्यंत. रविवारी दही आणि लिंबू, नारळाच्या शेंडीने खरवडून. रक्त यायचं, मी ओरडले की आई म्हणायची, "निघते तं निघू दे." एका रविवारी लिंबू नीट धुवायच्या आधीच बाबांना जेवण द्यायला मी बागेत गेले. दुपारचं ऊन. दोन दिवसांनी कपाळावर, जिथून रस ओघळला होता तिथे, भाजल्यासारखं झालं आणि मग तपकिरी डाग उमटला. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की कातडी अशी भाजते, हे मला फार पुढे कळलं. तो डाग होळीपर्यंत राहिला. शाळेत त्याचाही वेगळा अर्थ निघाला.

पुढची काही वर्षं पटकन सांगते. मेडिकलवाल्याने न विचारता दिलेली एक टूब, तिने चार दिवसांत खाज गेली, बंद केली की दुप्पट आली, पुन्हा लावली. वर्षभर. त्या टुबेत स्टेरॉइड होतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते कुणी मागू नये आणि कुणी देऊ नये. कानामागची माझी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती.

२००३ मध्ये नोकरी लागल्यावर नागपूरला एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाबा सोबत होते, पॅसेंजरने आलो होतो. बाईंनी डोकं बघितलं, भुवया आणि नाकाच्या कडा बघितल्या, कोपर आणि नखंही बघितली. म्हणाल्या, जाड चंदेरी खवले केसांच्या रेषेबाहेर आले असते तर सोरायसिसचा विचार केला असता, केस तुटून चट्टे पडले असते तर नायट्याचा. हा साधा कोंडा आहे. मग मी विचारलं, जे नऊ वर्षं पोटात होतं: "मी घाण राहते म्हणून होतो का?"

त्यांनी पेन खाली ठेवला. मोठ्या माणसांच्या जवळजवळ प्रत्येक डोक्यावर एक बारीक बुरशी असते, म्हणाल्या. मॅलासेझिया तिचं नाव. १८७४ मध्ये मॅलासे नावाच्या फ्रेंच डॉक्टराने कोंड्यात ती पाहिली होती. ती तेलावर जगते. वयात येताना टाळूच्या ग्रंथी तेल सोडायला लागतात, म्हणून लहान पोराला नसतो तो कोंडा नववी-दहावीत सुरू होतो. बुरशी ते तेल फोडते, त्यातून ओलेइक आम्ल उरतं. काहींच्या कातडीला ते चालतं, काहींच्या नाही. ज्यांना नाही, त्यांची कातडी घाई करते. एरवी महिनाभर घेऊन हळूच, न दिसता झडायची ती कच्चीच, पापुद्र्यापापुद्र्याने सुटते. थंडीत वाढतो, जागरणाने, काळजीने वाढतो. त्या म्हणाल्या, "तेल लावत असाल ना?" मी म्हटलं, रोज. "म्हणजे रोज तिला जेवायला घालत होता." फल्लीतेलात तर ते ओलेइक आम्ल आयतंच भरपूर असतं.

मला रडू येत होतं. बाबा मात्र खुर्चीत पुढे सरकले. चाळीस वर्षं संत्र्यात गेलेला माणूस, बुरशी म्हटल्यावर त्यांचा प्रांत सुरू झाला. "म्हंजे डिंक्याच झाला म्हना की." बाईंना डिंक्या माहीत नव्हता, तो बाबांनी त्यांना समजावला. बुंध्यातून डिंक गळतो, झाड वाळत जातं. मग पावसाळ्याआधी एकदा अन् पावसाळ्यानंतर एकदा बुंध्याले बोर्डो लावायचा. "झाड वाचते. पन मातीतून काई तो जात नाई." बाई हसल्या, म्हणाल्या, "अगदी हेच. हिचाही जाणार नाही. दाबून ठेवायचा."

दोन टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. मग पंधरवड्यातून एकदा, बोर्डोसारखा, कोंडा नसला तरी. केसांना नाही, टाळूला लावायचा, आणि घड्याळ बघून पाच मिनिटं ठेवायचा. हे पाच मिनिटांचं कुणी पाळत नाही. फेस आला की लगेच पाणी ओततात आणि शाम्पू बेकार म्हणतात. नखं लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनी चोळायचं. तेल हवंच असेल तर केसांच्या टोकांना, धुण्याआधी तासभर. महिन्याने फरक नसेल तर परत दाखवायचं, दुकानातून नवं काही आणायचं नाही. तीन आठवड्यांत माझ्या खांद्यावर काही पडेनासं झालं. काळा ब्लाऊज घालून मी दिवसभर उगाच फिरले होते.

बहनजींबद्दल लिहिताना एक गोष्ट वगळली तर खोटं होईल. दहावीच्या परीक्षेची फी भरायची शेवटची तारीख, बाबांचे आंबिया बहाराचे पैसे अडतीत अडकलेले. ती फी बहनजींनी भरली. वर्गात नाही, कार्यालयात जाऊन, मला न सांगता. माझं हिंदी ज्यांनी सुधारलं त्याही त्याच. पुढे ते हिंदीच माझ्या नोकरीला कामी आलं. मी त्यांना पाया पडायला दोनदा गेले आहे. दोन्ही वेळा कोंड्याचं काढायचं ठरवून गेले आणि चहा पिऊन आले. राग गेला म्हणावं तर भावाचा निरोप वाचून हात थरथरले.

भावाला मी सांगितलं, पोराला नागपूरला पाठव, डॉक्टरला दाखवू. शाळेला मी स्वतः पत्र लिहिलं, हिंदीत, चांगल्या हिंदीत. हा संसर्ग नाही, मुलाला वेगळं बसवण्याचं किंवा घरी ठेवण्याचं काही कारण नाही, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. भाचा चार दिवस राहिला. पाच मिनिटं मोजायला मोबाईलवर गजर लावून न्हाणीघरात गाणी म्हणायचा. त्याला मी मॅलासे, बुरशी, डिंक्या सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, मग सर लोकायले हे माईत नाई का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तो खाली गेल्यावर मी त्याच्या उशीची खोळ काढली आणि आमच्या कपड्यांत न टाकता वेगळ्या बादलीत भिजवली. आरशापुढे माझा कंगवा पडला होता, त्याने तोच वापरलेला. मी तो उकळत्या पाण्यात टाकला. आई आता माझ्याकडेच असते. ती दारात उभी राहून बघत होती.

"काऊन वं," ती म्हणाली, "तूच तं म्हनत होती ना, लागत नाई म्हून?"

मी म्हटलं, "तू आंगोयीले जा, पाणी तापलंय."