ठेवणीतले दूध

आपल्या भाषेत तान्ह्या मुलाच्या दुधाला दोनच नावे आहेत. एक 'अंगावरचे' आणि दुसरे 'वरचे'. अंगावरचे म्हणजे आईचे. वरचे म्हणजे गाईचे, म्हशीचे, शेळीचे, नाहीतर डब्यातल्या भुकटीचे. बाळंतिणीला भेटायला आलेल्या बायकांची पहिली चौकशी 'अंगावर पितं ना?' अशीच असे, आणि उत्तर होकारार्थी आले की पुढचे प्रश्न संपत. पण दूध आईचेच, मात्र आईच्या अंगावर प्यायलेले नाही. पहाटे काढून ठेवलेले आणि दुपारी दुसऱ्याच कोणाच्या हातून पाजलेले, अशा दुधाला काय म्हणावे, हा प्रश्न आमच्या आज्या-पणज्यांना पडला नव्हता. आमच्या घरात तो २०२४ च्या संक्रांतीच्या सुमारास पडला, आणि नावापेक्षा ते दूध मुलीच्या गळी उतरवणे कितीतरी कठीण आहे, हे त्या पाठोपाठच कळले.

आम्ही उभयता इंदूरचे. घराण्याची पाचवी पिढी रामबागेतल्या जुन्या घरात वाढली, आणि २०२३ च्या गणेशोत्सवात सहाव्या पिढीचे आगमन झाले. नात सुदृढ होती, अंगावर उत्तम पीत होती, वजन दर भेटीत वाढत होते. चिंता होती ती दिनदर्शिकेची. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची प्रसूतीरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली, ही मोठीच गोष्ट. परंतु ही २६ आठवड्यांची मोजणी बाळाच्या जन्मापासूनच सुरू होते असे नाही. सूनबाईचा रक्तदाब वाढल्यामुळे प्रसूतीपूर्वीच सहा आठवडे विश्रांतीत गेले होते. उरले २० आठवडे. इकडे जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून सांगत आली आहे की पहिले सहा महिने मुलाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. मधले सहा आठवडे कोठून आणायचे?

उत्तर एकच होते. दूध काढून ठेवायचे आणि ते आम्ही पाजायचे. सूनबाईचे कार्यालय विजयनगरच्या पुढे. जाण्यायेण्याचा वेळ धरून ती दहा तास घराबाहेर राहणार. मधल्या वेळी येऊन पाजून जाणे अशक्य. रजा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संपत होती. चिरंजीवांचा व्यवसाय नवा असल्याने घराची निम्मी भिस्त तिच्या पगारावर होती, आणि त्या जागेवर पोहोचायला तिला दहा वर्षे लागली होती. तिने आम्हांला शांतपणे सांगितले, "आई, बाबा, ही प्यायली नाही तर मी राजीनामा देईन. उपाशी ठेवून मी जाणार नाही." त्या वाक्यात त्रागा नव्हता, म्हणूनच त्याचे वजन अधिक होते.

संक्रांतीनंतर आम्ही आरंभ केला. बाटली आणली, उकळली, दूध कोमट केले, आणि आमच्यातल्या आजीने नातीला मांडीवर आडवे घेऊन बोंडशी तिच्या ओठांना लावली. नातीने ती जिभेने बाहेर ढकलली. दुसऱ्यांदा तोंड फिरवले. तिसऱ्यांदा पाठीची कमान करून असा टाहो फोडला की शेजारच्या काकू ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. चार दिवस हेच चालले. पाचव्या दिवशी तर नुसती बाटली दिसली तरी ओठ घट्ट मिटू लागले.

त्याच आठवड्यात बोरन्हाण होते. काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून नात चौरंगावर बसवली, आणि बोरांबरोबर सल्ल्यांचाही वर्षाव झाला. कोणी म्हणाले, बोंडशीला मध लावा. कोणी म्हणाले, साखरेच्या पाण्याने सुरुवात करा. एका वयोवृद्ध आत्याबाईंनी ठाम निर्णय दिला : "दोन वेळा उपाशी ठेवा. भूक लागली की पिईल मुकाट्याने." आमच्या कपाटात पणजीच्या वेळचे चांदीचे बोंडले आहे, चोच असलेले, तळहातात मावणारे. तेही बाहेर निघाले. प्रत्येकीच्या सांगण्यामागे कळवळा होता यात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी हे सारे गाठोडे घेऊन आम्ही बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. मध त्यांनी तत्काळ बाद केला; त्यात क्वचित असणाऱ्या जंतुबीजांमुळे एक वर्षाच्या आतील मुलाला गंभीर विषबाधा होऊ शकते. साखरेचे पाणी बाद. उपाशी ठेवण्याचा उपाय तर सर्वांत आधी बाद. भुकेने कासावीस झालेले मूल नवी गोष्ट शिकत नाही; ते फक्त त्या वस्तूचा धसका घेते. शिकवायचे तर मूल शांत असताना, भूक नुकती जागी होत असताना.

मग त्यांनी आम्हांला जे समजावले ते कोणत्याही आजी-आजोबांना ठाऊक असावे असे आहे. पहिले काही आठवडे ओठांना जे लागेल ते चोखणे ही मुलाची प्रतिक्षिप्त क्रिया असते. तीन-चार महिन्यांपुढे चोखणे हळूहळू मुलाच्या इच्छेच्या स्वाधीन होते. चार महिन्यांची नात बाटली नाकारते, ती तिला चोखता येत नाही म्हणून नव्हे, तर तिला आता मत आहे म्हणून. शिवाय दोन्ही कामे वेगळी आहेत. अंगावर पिताना मूल आधी भरभर चोखते, मग पान्हा सुटतो. जीभ खाली जाते, तोंडात पोकळी होते, आणि दूध येते. किती प्यायचे, केव्हा थांबायचे, हे मूल ठरवते. उलट बाटली तिरपी धरली की मागितले नसतानाही दूध घशाशी येते. गुदमरल्यासारखे झालेल्या मुलाने ती ढकलली, तर तो त्याचा हट्ट नव्हे.

बाटलीविषयी बाईंना प्रेम नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. त्यांची पहिली पसंती वाटी-चमच्याला. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या भुकटीची आणि बाटलीची जाहिरात करण्यास बंदी आहे, आणि तिला सबळ कारण आहे. नीट न धुतलेल्या बाटलीने मुलांना जुलाब होतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये लांब रबरी नळीच्या बाटल्या आल्या; त्या नळ्या आतून साफ करता येत नसत, आणि त्यांच्यापायी इतकी मुले दगावली की लोकांनी त्या बाटल्यांना 'खुनी बाटल्या' म्हटले. तेव्हा बाटली घ्यायची तर रुंद तोंडाची, प्रत्येक भाग सुटा करून घासता येईल अशी, आणि रोज उकळायची. दहा तासांचा प्रश्न असल्यामुळे दोन्ही शिकवा, असे ठरले : मुख्यतः बाटली, जोडीला वाटी-चमचा.

त्यानंतर आमचा खरा अभ्यास सुरू झाला. पहिला नियम : पाजताना आईने घरात थांबायचे नाही. तिचा वास आणि आवाज आसपास असताना मूल दुसरे काही का स्वीकारील? सूनबाई राजवाड्यापर्यंत फेरी मारून येऊ लागली. दुसरा नियम : मांडीवर आडवे घ्यायचे नाही, कारण ती पाजण्याची जागा म्हणून तिला ठाऊक आहे आणि तेथे अपेक्षाभंग होतो. आमच्यातल्या आजोबांनी तिला जवळजवळ उभी, पाठ छातीला टेकवून खिडकीशी धरायचे. खाली गल्लीत भाजीची गाडी, दोन कुत्री, शाळेची रिक्षा. तिसरा नियम : बोंडशी मंद धारेची, ओठांना नुसती टेकवायची, तोंडात खुपसायची नाही, तिने तोंड उघडले तरच आत. बाटली आडवी धरायची आणि चार-सहा घोटांनंतर थांबायचे. चौथा : दहा मिनिटांत जमले नाही तर प्रयत्न तेथेच संपवायचा, रडेपर्यंत ताणायचे नाही.

तरीही आठवडाभर ती बोंडशी नुसती चावत राहिली. मग दुधाचाच विचार निघाला. सूनबाईने ते चाखून पाहिले, तर शीतकपाटातल्या दुधाला साबणासारखा वास येत होता. बाईंनी खुलासा केला की आईच्या दुधात स्निग्धांश पचवणारे लायपेज नावाचे विकर असते. गारठ्यातही त्याचे काम मंद गतीने चालू राहते आणि काही आयांच्या दुधाला असा वास येतो. दूध खराब झालेले नसते, पण नव्याने शिकणाऱ्या जिभेला ते परके वाटते. मग शिकवणीपुरते ताजे दूध वापरले. बाटलीभोवती सूनबाईच्या वापरलेल्या सुती ओढणीचा तुकडा गुंडाळला. खिडकीशी उभी असलेली नात रिक्षाकडे पाहता पाहता दोन घोट गिळून गेली, आणि मग आपण काय केले ते लक्षात येऊन थांबली. त्या दिवशी २० मिलिलिटर दूध गेले. पुढच्या तीन दिवसांत ५० पर्यंत आले.

सूनबाई राजवाड्याहून परतली तेव्हा आम्ही रिकामी बाटली उंचावून दाखवली. ती हसली. मग पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेली आणि बराच वेळ आली नाही. ज्यासाठी तिने महिनाभर जिवाचे रान केले, ते घडल्यावर तिला काय वाटले असेल, ते आम्ही विचारले नाही. आपल्यावाचून लेकरू राहू शकते, हे कळणे ही सुटकाही असते आणि दुखणेही.

अशा वेळी हिरकणीची कथा निराळी ऐकू येते. कोजागरीच्या दिवशी रायगडावर दूध घालायला गेलेली ही गवळण, दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेली. शाळेत आपण तिचे धाडस शिकलो. आता वाटते, जी दुसऱ्यांना दूध विकते तिच्या घरी दुधाची वाण नसणार. बाळ अडले होते ते दुधासाठी नव्हे, तिच्यासाठी. महाराष्ट्रात एस. टी. स्थानकांवर आणि कार्यालयांत मुलांना पाजण्यासाठी जे कक्ष झाले, त्यांना 'हिरकणी कक्ष' हे नाव दिले गेले, ते यथार्थच. दुसरे उदाहरण कापूरहोळच्या धाराऊचे. शंभूराजांना दूध पाजले ते या माउलीने. राजघराण्यातही दुसऱ्या हाताने बाळ वाढले आणि त्या हाताची इतिहासाने आठवण ठेवली. आईची जागा घेणे आणि आईच्या वतीने उभे राहणे, या दोहोंत अंतर आहे. आम्हांला दुसरे काम मिळाले होते.

कामावर जाण्याचा पहिला दिवस आला. हिशेब असा होता की या वयाचे मूल आई दूर असताना तासाला साधारण ३० ते ४५ मिलिलिटर पिते. म्हणजे दहा तासांना ३०० ते ४५०. शीतकपाटात छोट्या छोट्या डब्यांत, तारीख-वेळ लिहून, दूध ठेवलेले. शीतकपाटात ते चार दिवस टिकते. बाहेर २५ अंशांपर्यंत चार तास. विस्तवावर ठेवायचे नाही, कोमट पाण्यात डबी ठेवून ऊब आणायची. उरलेले उष्टे दूध टाकून द्यायचे, आणि ते टाकताना जीव कळवळायचा, कारण त्या ३० मिलिलिटरमागे कोणाची तरी पहाटेची झोप होती. आमच्यातल्या आजीने या डब्यांना सहजच 'ठेवणीतले' म्हटले, ठेवणीतल्या शालूसारखे, आणि घरात तेच नाव रूढ झाले.

पहिल्या दिवशी नात सगळे मिळून १२० मिलिलिटर प्यायली, त्यातले ३० वाटी-चमच्याने, अर्धे अंगावर सांडत. आम्ही घाबरलो. संध्याकाळी आई आल्यावर मात्र ती तासभर सुटली नाही, आणि रात्री चार वेळा उठली. दिवसाची भरपाई रात्री करण्याचा हा मुलांचा मार्ग नेहमीचा आहे, असे बाईंनी सांगितले. लघवी पुरेशी होत आहे आणि वजन वाढते आहे तोवर काळजी नको. सूनबाईचे डोळे त्या महिन्यात सुजलेले असत. दुसऱ्या आठवड्यात दिवसाचा आकडा २०० वर गेला, तिसऱ्यात २८० वर. राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मार्चअखेर सहा महिने पूर्ण झाले. मऊ भात आला, वरणाचे पाणी आले, चांदीच्या वाटीने उष्टावण झाले. आठव्या महिन्यात तिने स्टीलचा छोटा पेला दोन्ही हातांनी धरला, आणि बाटलीची गरज संपली. एवढ्या खटाटोपाने शिकवलेली विद्या जेमतेम तीन महिने कामी आली. पण त्या तीन महिन्यांनी एका घरातली नोकरी टिकली, आणि एका मुलीला सहा महिने आईचेच दूध मिळाले.

आपल्या अनेक घरांतून आता मुली आणि सुना कामावर जातात; कोणी येथेच, कोणी पुण्या-बंगळूरला. आजी-आजोबांनी बाळंतविड्याबरोबर ही कलाही गाठीशी बांधावी, असे आम्हांला वाटते. अंगावर पिणे नीट जमले की, साधारण महिनाभरानंतर, अधूनमधून दुसऱ्या हाताने थोडे पाजत राहिले तर पुढचे बरेच सोपे जाते, असे बाई म्हणतात. आणि नाहीच घेतले मुलाने, तर पेला आहे, चमचा आहे, बोंडले आहे. मात्र बोंडल्याची चोच आतून घासता येते का, ते आधी पाहावे.

नात आता शाळेच्या रिक्षेकडे निराळ्या नजरेने पाहते. तिला त्यात बसायचे आहे. संध्याकाळी सव्वासातला विजयनगरची गर्दी ओलांडून आई येते, तेव्हा ती पायऱ्यांवर उभी असते. त्या वेळी आमच्यापैकी कोणी हाक मारली तर ती ऐकत नाही. आम्हीही मारत नाही.