शिपाई क्रमांक २५६२६५

बेल्जियममधल्या विल-स्यूर-एन गावातलं कालव्याजवळचं एक घर. ११ नोव्हेंबर १९१८ च्या सकाळी कॅनडाचा शिपाई जॉर्ज लॉरेन्स प्राइस त्या घरातून रस्त्यावर आला आणि जर्मन नेमबाजाच्या गोळीने पडला. वय २५. तेव्हा दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. अकराला पहिलं महायुद्ध थांबणार होतं. युद्धविरामाच्या करारावर सह्या तर पहाटे पाचलाच झाल्या होत्या. मधल्या सहा तासांत जी माणसं गेली, त्यांचं मला फार वाईट वाटतं. त्या तासांची गरजच नव्हती.

घर पुढे पाडलं.

पाटी मात्र वाचली. १९६८ साली, पन्नास वर्षांनी, म्हाताऱ्या झालेल्या सोबत्यांनी ती घराच्या भिंतीवर लावली होती. तिच्यावर त्याचा क्रमांक, पलटण आणि ती वेळ आहे. आता ती जवळच विटांच्या छोट्या स्मारकावर आहे. कालव्यावर १९९१ पासून पादचारी पूल आहे, त्यालाही त्याचंच नाव.

त्याची अठ्ठाविसावी पलटण १९२० साली मोडली.

तो दिवस पाहिलेले डोळेही आता उरले नाहीत. गोळी लागल्यावर एक बेल्जियन तरुणी त्याच्यासाठी धावली होती. एका सोबत्याने म्हातारपणी सगळी हकीकत सांगून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. त्या युद्धातला कॅनडाचा शेवटचा हयात सैनिक, जॉन बॅबकॉक, २०१० साली १०९ व्या वर्षी वारला. वय कमी म्हणून त्याला आघाडीवर पाठवलंच नव्हतं.

आणि प्राइसची आधीची पंचवीस वर्षं. जन्म नोव्हा स्कोशियातल्या फालमथचा. कामासाठी पार पश्चिमेला, सस्कॅचवानमधल्या मूस जॉकडे गेला. तिथून १९१७ साली सक्तीच्या भरतीत उचलला गेला. कॅनडाने त्या युद्धातल्या सहा लाखांवर सैनिकांची कागदपत्रं २०१८ पर्यंत संगणकावर आणली. त्यांत उंची सापडते, छातीचं माप सापडतं, पगाराचा हिशेब सापडतो. कोण कसा हसायचा, कामावरून आल्यावर काय खायला मागायचा, हे कुठे सापडणार? प्राइसचं तर मरणच एवढं मोठं झालं की जगणं त्याखाली बुजून गेलं. त्या युद्धात मारला गेलेला कॅनडाचा शेवटचा शिपाई म्हणून तो आठवतो. आदल्या दिवशी गेलेल्यांचं कोणी नावही घेत नाही.

मॉन्सजवळच्या सँ-सिम्फोरियांच्या दफनभूमीत तो आहे. ती जर्मनांनी वसवली, दोन्ही बाजूंची माणसं तिथे शेजारी आहेत. १९१४ च्या ऑगस्टात पडलेला पहिला ब्रिटिश शिपाई जॉन पार तिथेच आहे.

मागे उरलेली आणखी एक वस्तू: चांदीचा क्रूस. युद्धात गेलेल्या सैनिकाच्या आईला आणि विधवेला कॅनडा सरकार १९१९ पासून तो देऊ लागलं. बायका तो गळ्यात घालत. त्यांच्यामागे पेट्या रिकाम्या झाल्या, आणि आता असे क्रूस लिलावात विकायला येतात. पाठीवर सैनिकाचं नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, त्यावरून घराणं शोधता येतं. ज्याच्या हाती असा क्रूस येईल त्याने तेवढी खटपट करावी, त्या घरी तो पोचवावा.