आमच्या वाड्यावरचे तियात्र

माझे माहेर बेळगावचे आणि सासर बारदेशातील एका खेड्यातले. लहानपणी वडिलांचे बोट धरून मराठी नाटके पाहिलेली होती. लग्न होऊन येथे आल्यावर पहिल्याच महिन्यात सासूबाई मला तियात्राला घेऊन गेल्या. कथा ऐन रंगात आली असता पडदा पडला आणि दोन गायक पुढे येऊन गावच्या रस्त्यांतील खड्ड्यांवर गाऊ लागले! नायिकेचे पुढे काय झाले, असे मी हळूच विचारले. "थांब, ती कुठे पळून जात नाही," एवढेच सासूबाई म्हणाल्या.

दूरच्या वाचकांसाठी थोडे सांगावयास हवे. तियात्र म्हणजे गोव्याचे कोंकणी नाटक. त्याचे सहा-सात 'पडदे', म्हणजे प्रवेश, असतात आणि दोन पडद्यांच्या मध्ये 'कांतारे' गातात. या गीतांचा कथेशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. मंत्र्यापासून मासळीच्या भावापर्यंत कशावरही ती असतात. या कलेचा जन्म मात्र गोव्यात झाला नाही. पोटासाठी मुंबईस गेलेल्या गोवेकरांनी 17 एप्रिल 1892 रोजी तेथील न्यू आल्फ्रेड नाट्यगृहात पहिले तियात्र केले. लुकाझिन रिबेर यांचे ते 'इतालियन भुरगो'. तो दिवस पास्काच्या रविवारचा होता. त्या प्रयोगात काम केलेले मडगावच्या बोर्डा भागातील जुआंव आगोस्तिन्य फेर्नांडिस (1871-1947) यांनी पुढे स्वतः पुष्कळ तियात्रे लिहिली. लोक त्यांना तियात्राचा पिता मानतात. त्यांच्या पत्नी रेजिना 1904 साली 'भाटकारा' या तियात्रात रंगभूमीवर उभ्या राहिल्या. तोवर स्त्रियांची कामे पुरुषच करीत. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांनी 1905 नंतर स्त्रीभूमिका गाजविल्या, हे लक्षात घेतले म्हणजे या बाईंचे धैर्य कळते.

आज व्यावसायिक मंडळ्या म्हापशाचे हनुमान नाट्यगृह, पणजीची कला अकादमी, मडगावचे रवींद्र भवन येथे प्रयोग करतात. गावोगावचे लोकही कंत्राट देऊन त्यांना बोलावतात. मंडळीस ठरलेली रक्कम द्यावयाची, तिकिटे आपण विकावयाची, नफा-तोटा आपला. त्यांचा बँड सुरात, त्यांचे विनोदी नट पट्टीचे. मी ती तियात्रे आवडीने पाहते. म्हापशाहून शेवटची बस मिळणार नाही हे ठाऊक असूनही पाहते.

पण आमच्या कपेलाच्या फेस्ताला वाड्यावरची मुले जे तियात्र करतात त्याची गोडी निराळी. तेथे भाटकार होणारा मनुष्य दिवसा माडावर चढून सूर काढतो आणि रंगमंचावर चढला की कुळांवर असा गरजतो की, त्याची स्वतःची आईही दचकते. विधवेसाठी साडी माझ्याकडची जाते व पावडर लागून परत येते. आतून संवाद सांगणाऱ्याचा आवाज कधी कधी नटापेक्षा मोठा असतो. मग प्रेक्षकच नटाच्या आधी ते वाक्य म्हणून मोकळे होतात.

एके वर्षी येथल्या दोन भावांत कुंपणावरून बोलणे बंद होते. एका पोराने नाव न घेता त्यावर कांतार रचले. कुंपण दर पावसाळ्यात एक वीत चालत जाते आणि शेवटी विहिरीत पडते, असा त्याचा आशय. दोघे भाऊ मांडवाच्या दोन टोकांना बसले होते. प्रथम धाकटा हसला, मग थोरल्यालाही हसू आवरेना. समेट झाला असे मी म्हणणार नाही. पण कुंपण तेव्हापासून जागचे हललेले नाही. म्हापशाच्या नाट्यगृहात आमच्या कुंपणाचे कोणास काय?

शेजारच्या हिंदू गावात जत्रेच्या रात्री मराठी नाटक होते. तेथेही हीच तऱ्हा. किराणा दुकानदार राजा आणि शाळेचा शिपाई प्रधान. मराठी कळणारी म्हणून मला तेथून आग्रहाचे बोलावणे येते. शिवोलीच्या जागराला तर नाताळानंतरच्या सोमवारी रात्री हिंदू व ख्रिस्ती दोघेही एकत्र जमतात.

यंदा आमच्याकडे प्रश्न उभा राहिला. कपेलाचे छप्पर गळते आहे. मुलांपैकी तिघे इंग्लंडला गेले, एक बोटीवर लागला. सभेत एकाने सुचविले की, घरचे तियात्र बंद करून नामांकित मंडळीस कंत्राट द्यावे. दुरुस्तीस चार पैसे उरतील. हिशेब चुकीचा नव्हता. गेल्या वर्षी आमच्या प्रयोगात मांडवाचे भाडेही निघाले नव्हते. मला मात्र तो हिशेब अपुरा वाटला व मी तसे बोलले. मोठी मंडळी गाजते ती तरी कोणाच्या जोरावर? त्यांतील किती नट अशाच एखाद्या वाड्यावर, अशाच कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात प्रथम उभे राहिले असतील! शिवाय ज्या घरांतली मुले परदेशी गेली, तेथील वृद्ध माणसे वर्षातून एकदाच रात्री घराबाहेर पडतात, ती याच मांडवात. माझ्या सासूबाईंना आता म्हापशापर्यंतचा प्रवास सोसत नाही. त्यांच्यासाठी तियात्र म्हणजे खुर्ची उचलून नेता येईल एवढ्या अंतरावरचे.

बरीच वादावादी होऊन दोन रात्री ठरल्या. शनिवारी कंत्राटी मंडळी, तिकीट लावून, छपरासाठी. रविवारी आमची मुले, तिकीट नाही, दारात पेटी. नटांची संख्या भरत नव्हती म्हणून पडदे पाचच ठेवले आहेत. बोटीवरून सुटीस आलेला एक गृहस्थ खलनायक व्हावयास तयार झाला. नववीतल्या दोन मुली नायिका व तिची बहीण. शाळेच्या वर्गात रोज रात्री आठ वाजता तालीम चालते. ड्रम वाजविणारा अजून मिळालेला नाही. सासूबाईंनी आपली खुर्ची कोणत्या रांगेत ठेवावयाची ते मात्र कालच सांगून ठेवले आहे.