आधी मुळं बघ

राहुरी, ऑगस्टअखेर

चि. सौ. मनूस,


तू पाठवलेले फोटो रात्री मोबाइलवर पाहिले आणि सकाळी कॉम्प्युटरवर मोठे करून पुन्हा पाहिले. फोनवर धड बोलणं होत नाही, मध्येच रेंज जाते, म्हणून सविस्तर लिहितो आहे. तुझ्या सासऱ्यांना हे हिंदीतून नीट समजावून सांग. त्यांनी आयुष्यभर बिकानेरच्या वाळूत बाजरी, मटकी आणि गवार पिकवली आहे. बिघ्यांवर बिघे ऑलिव्ह लावायचं धाडस त्यांनी तुमच्या भरवशावर केलं, त्यामुळे त्यांच्या जिवाची घालमेल मला कळते.

दुकानातून आणलेल्या तिन्ही बाटल्या सध्या बंदच ठेव. लोहाचं औषध, बुरशीनाशक आणि वाळवीचं औषध एकदम आळ्यात ओतलं आणि झाड सुधारलं, तरी ते कशाने सुधारलं हे कळणार नाही. बिघडलं तरी तेच. ऑलिव्ह चिवट झाड आहे. आठ-दहा दिवस थांबल्याने बाग जात नाही, चुकीच्या औषधाने मात्र हंगाम जातो.

आता पानांबद्दल. सगळी बाग पिवळी पडली असं तू लिहिलंस, पण फोटोत तसं दिसत नाही. वाळूच्या टिब्ब्याकडच्या चढावरच्या ओळी हिरव्या आहेत आणि खालच्या सखल ओळी पिवळ्या. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची खूण हीच. ऑलिव्हचं पान दोन-तीन वर्षं जगतं आणि वसंतात आतल्या बाजूची जुनी पानं पिवळी होऊन गळतात, त्यात काळजीचं काही नसतं. ऑगस्टमध्ये, तेही शेंड्याची पानं पिवळी पडणं वेगळं. तुझ्या तिसऱ्या फोटोत कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहिल्यात आणि मधला भाग फिका पडलाय. ही लोहाच्या कमतरतेची खूण. आपल्याकडे चुनखडीच्या जमिनीत संत्र्याची बाग अशीच दिसते. नत्र कमी असतं तर खालची जुनी पानं आधी आणि सरसकट फिकी झाली असती. बोरॉन कमी असतं तर पानाचा शेंडा आधी गेला असता आणि देठाकडचा भाग हिरवा राहिला असता.

म्हणजे दुकानदार अगदीच चुकीचं बोलला नाही. पण लोह कमी दिसतं याचा अर्थ जमिनीत लोह नाही असा होत नाही. तुमच्या जमिनीत ते आहे, फक्त मुळाला ते उचलता येत नाही. जमीन चुनखडीची, सामू आठच्या वर आणि त्यात ओल साचून मुळांना हवा मिळेना, अशा वेळी झाड लोहाजवळ बसून उपाशी राहतं. शिवाय बाटलीवर चिलेटचा प्रकार बघ. ईडीटीए लिहिलं असेल तर इतक्या विम्ल जमिनीत ते टिकत नाही, लोह पुन्हा चुन्यात अडकतं. ईडीडीएचए असेल तर ते टिकतं. ते महाग असतं, म्हणून दुकानात सहसा पहिलं पुढे केलं जातं. आणि नुसतं हिराकस आळ्यात टाकणं म्हणजे अशा जमिनीत पैसे पुरणं आहे.

मला मुख्य सांगायचंय ते असं. पान पिवळं होणं हा तापासारखा प्रकार आहे. ताप आहे एवढंच कळतं, कशाचा ते पानावरून पुरतं कळत नाही. त्यासाठी खोदावं लागतं, आणि ते काम दुकानदार करणार नाही, गडीही मनापासून करणार नाही. तू स्वतः कर.

एक पिवळं झाड निवड, एक हिरवं. खोडापासून दीड-दोन हात अंतरावर, ठिबकच्या ओलीत, कुदळ न वापरता खुरप्याने हळूहळू फूटभर खाली जा. माती मुठीत घेऊन दाब. वाळूमिश्रित माती असूनही गोळा बसला आणि बोटाने टोचल्यावर फुटला नाही, तर ओल जास्त आहे. मग बोटाएवढ्या जाडीच्या मुळापासून निघालेली बारीक मुळं बघ. निरोगी मूळ पांढरट आणि मोडताना कडक लागतं. कुजलेल्या मुळाची साल दोन बोटांत धरून ओढली की मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. वासही घे, कुबट वास लपत नाही. मुळांवर मोहरी-बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत. मुळं कुरतडलेली आणि बारीक तंतू नाहीसे झालेले दिसले तर मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचा संशय घे. हे सगळं दोन्ही झाडांखाली बघ. नुसतं आजारी झाड पाहून काही ठरवता येत नाही.

माझा अंदाज पाण्यावर आहे. तुमच्या लूणकरणसरच्या पट्ट्यात वाळूखाली बऱ्याच ठिकाणी जिप्समचा किंवा कंकराचा घट्ट थर असतो. वरून वाळू दिसते म्हणून माणूस निर्धास्त पाणी देतो आणि ते खालच्या थरावर अडून बसतं. गंगानगर-हनुमानगढकडे कालव्याच्या पाण्याने किती जमिनी सेमखाली, म्हणजे साचलेल्या पाण्याखाली गेल्या, हे तुझ्या सासऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आपल्याकडे शिरोळ-मिरजेच्या उसाच्या मळ्यांत मी तेच पाहिलंय. कर्ज काढून पाणी आणलं आणि त्याच पाण्याने मळे क्षारपड झाले. सखल ओळीत गुडघाभर खड्डा घे, पाण्याने भर, ते जिरलं की पुन्हा भर आणि दुसऱ्या वेळी किती तास लागतात ते बघ. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं तर बाटल्यांचा विचारच सोड. तिथे चर काढायचा आहे.

यामागचं कारणही समजून घे, म्हणजे पुढच्या वर्षी स्वतःचं स्वतः ठरवता येईल. ऑलिव्ह भूमध्य समुद्राकाठचं झाड. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, थंड जमिनीत मुरतो आणि उन्हाळाभर जमीन कोरडी असते. २००७ मध्ये राजस्थान सरकारने इस्राएलची इंडोलिव्ह आणि आपल्या पुण्याची फिनोलेक्स प्लासन यांना बरोबर घेऊन ऑलिव्हची कंपनी काढली. २००८ मध्ये इस्राएलहून लाखावर रोपं आली आणि सरकारी फार्मांवर १८२ हेक्टरांत लागली. बार्निया, अर्बेक्विना, कोरोनिकी, पिकुआल, कोराटिना या जाती तेव्हाच आल्या. २०१४ मध्ये तुमच्याच लूणकरणसरला तेलाचा कारखाना झाला. ठिबक आलं, जाती आल्या, छाटणीचं ज्ञान आलं. पण पावसाळा तुमचाच राहिला. बिकानेरला पाऊस थोडाच पडतो, पण बहुतेक सगळा ऐन उष्ण महिन्यांत. तापलेली जमीन आणि त्यात साचलेलं पाणी, यासारखं वाईट ऑलिव्हच्या मुळांना दुसरं काही नाही. वाळवी आणि हुमणीचे दिवसही नेमके हेच. म्हणून इस्राएलच्या पुस्तकातलं पाण्याचं वेळापत्रक जसंच्या तसं जुलै-ऑगस्टमध्ये चालवायचं नाही. पाऊस झाला की ठिबक बंद. फूटभर खालची माती मुठीत सैल लागेपर्यंत बंदच.

खोडाला टेकलेले ड्रिपरही हटव. रोप लहान असताना ते जवळ हवे असतात, तीन वर्षांच्या झाडाला हात-दीड हात लांब हवेत. खोडाभोवती गड्याने मातीची भर लावलेली फोटोत दिसते, ती काढून बुंधा मोकळा कर. पाऊस संपला की बुंध्याला बोर्डो पेस्ट लाव. खालचा थर फोडायचा असेल तर दोन ओळींच्या मधून, हिवाळ्यात, ट्रॅक्टरला सबसॉयलर लावून. आत्ता ओल्यात मुळीच नको.

वाळवीला घाबरू नकोस, पण तिला हलकंही घेऊ नकोस. खोडावरची मातीची नळी बोटाने खरवडून बघ. खाली साल शाबूत असेल तर वाळवी फक्त वरची मेलेली साल खाते आहे. खालचं लाकूड उघडं पडलं असेल, किंवा रोप हलवल्यावर बुडातून डोलत असेल, तर ते झाड धोक्यात आहे. वाळवी बहुधा आधीच अशक्त झालेल्या, जखमी झाडावर चढते. तुम्ही मे महिन्यात घातलेलं शेणखत अर्धं कच्चं होतं, फोटोत काड्या स्पष्ट दिसतात. कच्चं खत म्हणजे वाळवीला निमंत्रण. खोडाजवळचं ते खत आणि छाटणीच्या काटक्या उचल, नळ्या मोड, वारूळ असेल तर राणीपर्यंत खणून काढ. यापुढे खत पूर्ण कुजलेलंच घाल, सोबत निंबोळी पेंड. त्यावरही वाळवी जिवंत सालीत शिरत असेल, तरच त्या झाडापुरतं औषध दे, आणि त्याआधी कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाला झाड दाखव.

आता फोटोत तू तळहातावर धरलेली अळी. नोकरीची बहुतेक वर्षं माझी हुमणीमागे गेली, त्यामुळे तिच्याबद्दल जरा जास्त लिहितो. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची प्रत्येक अळी हुमणी नसते. शेणखतात राहणाऱ्या निरुपद्रवी भुंग्यांच्या अळ्या अशाच दिसतात. ती अळी सपाट फरशीवर ठेव. उताणी होऊन पाठीवर सरकू लागली तर ती कुजलेलं खाणारी आहे, तिला खताच्या ढिगावर सोडून दे. पाय खाली टेकून किंवा कुशीवर धडपडू लागली तर ती मुळं खाणारी असू शकते. मग एका झाडाखाली अशा किती सापडतात ते मोज.

तुमच्याकडची सफेद लट आणि आमची हुमणी एकाच कुळातल्या. तुमच्याकडे होलोट्रिकिया कन्सँग्विनिया, आमच्याकडे मुख्यतः सेराटा. वर्षाला एकच पिढी. पहिला चांगला वळीव झाला की संध्याकाळी अंधार पडताना भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बोर, खेजडी या झाडांवर पाला खायला जमतात. नंतर मादी मातीत अंडी घालते आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत अळी मुळं खाते. आत्ता सापडणाऱ्या अळ्या मोठ्या झाल्यात, त्यांच्यावर औषध नीट चालत नाही. खरी लढाई पुढच्या वर्षी पहिल्या पावसाच्या संध्याकाळी आहे. त्या दिवसांत बांधावरच्या कडुनिंबाच्या आणि खेजडीच्या फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. सगळ्या शेजाऱ्यांनी एकाच वेळी केलं तरच उपयोग. एकट्याच्या शेतात करून भागत नाही, कारण भुंगेरे बांध ओळखत नाहीत. जयपूरमध्ये दुर्गापुरा इथे हुमणीवरच्या अखिल भारतीय प्रकल्पाचं केंद्र आहे. भुंगेऱ्यांना एका झाडावर गोळा करण्यासाठी मेथॉक्सी बेन्झिनचा स्पंज टांगायची पद्धत ते सांगतात. जावईबापू जयपूरला जातात तेव्हा तिथे नक्की जाऊन येऊ देत. आत्ता मेटाऱ्हायझियम ही बुरशी चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून ओलीत दे. ती सावकाश काम करते, पण मातीत टिकते.

सासरे थिमेट टाकू म्हणतात असं तू लिहिलंस. त्यांना सांग, ते ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कुणाकडे जुनं पोतं असलं तरी घेऊ नका. हाताने टाकणाऱ्या गड्याच्या जिवाला ते विष आहे.

सूत्रकृमींबद्दल एवढंच: दोन ओळींच्या मधे वांगी, टोमॅटो, भेंडी घेऊ नका. रेताड जमिनीत ही पिकं सूत्रकृमी पोसतात आणि पीक निघालं की ते ऑलिव्हच्या मुळांना लागतात. मधे काही घ्यायचंच असेल तर झेंडू लावा.

माती आणि पाणी तपासायला दे. माती तीन थरांची वेगवेगळी घे: वरचा फूट, दुसरा फूट, तिसरा फूट. सामू, क्षारता आणि मुक्त चुना लिहून मागा. बिकानेरच्या कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात ते होईल. ट्यूबवेलचं आणि कालव्याचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भर. पानांचा नमुना पुढच्या जुलैत, त्या वर्षीच्या फुटीच्या मधल्या पानांचा घ्यायचा. आत्ता वेळ टळली.

नाशिकच्या दादाने माझ्याकडे ऑलिव्हच्या रोपांची चौकशी केली. मी त्याला नको म्हणून सांगितलं, तूही सांग. बिकानेरच्या हिवाळ्यात रात्री जी थंडी पडते, ती या झाडाला मोहोरासाठी लागते. आपल्याकडे झाड वाढेल, सुंदर दिसेल, पण मोहोर येईल अशी आशा धरून जमीन अडकवू नये.

मनू, या बागेत तुझा जीव अडकलाय हे मला माहीत आहे, म्हणून स्पष्ट लिहिलं. ज्या सखल ओळींतली मुळं पूर्ण कुजलेली निघतील, ती झाडं वाचवण्यात पैसा घालू नका. तिथे वरंबे घालून, चर काढून मगच पुन्हा लावा. बाकीची झाडं, पाणी आवरलं तर, पुढच्या वसंतातल्या नव्या फुटीत सुधारलेली दिसतील. जुनं पिवळं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्याची वाट पाहू नकोस.

या रविवारी दोन्ही झाडांखाली खोद आणि मुळांचे फोटो उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून काढ. मातीचा अहवाल हाती येईपर्यंत एकही बाटली उघडू नकोस, एवढं माझं ऐक.

तुझा,
मामा