धर्मग्राम कोणता?

अमेरिकेत निवृत्त माणसांचा एक वर्ग घरदार विकून चाकांवरच्या घरात राहतो. त्या घराला तिकडे आर. व्ही. म्हणतात. निजण्याची जागा, स्वयंपाकघर, न्हाणीघर असे सारे त्यात असते. यांतील पुष्कळजण हिवाळ्याचे तीन-चार महिने एखाद्या अभयारण्यात विनावेतन सेवा करतात. मोबदल्यात गाडी उभी करण्यास जागा, पाणी आणि वीज मिळते. हंगाम सरला की पुन्हा रस्ता. आमचे थोरले चुलतबंधू आणि वहिनी अकरा वर्षे असा संसार करीत आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर आम्ही त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलो आणि त्यांच्या निघण्याचा आठवडा जवळून पाहिला.

ठिकाण न्यू मेक्सिको राज्यातील बॉस्के डेल अपाचे. रिओ ग्रांदे नदीकाठची ही पाणथळ भूमी १९३९ साली पक्ष्यांसाठी राखली गेली. १९४१ मध्ये तेथे सँडहिल जातीचे अवघे १७ क्रौंच हिवाळ्यास होते. आता हजारोंनी येतात. त्यांच्यासाठी शेतात मका पेरतात आणि तो घरी न नेता हिवाळाभर थोडा थोडा आडवा पाडतात. दादा पायवाटांची डागडुजी करीत, वहिनी माहिती केंद्रात बसत. आम्ही पोहोचलो तेव्हा बहुतेक क्रौंच उत्तरेस निघून गेले होते. यजमान मात्र अजून होते!

निघणे हे तेथे एक शास्त्रच आहे. शौचाची टाकी आधी रिकामी करायची, धुण्याभांड्यांच्या पाण्याची मागून, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. पाण्याची नळी गुंडाळायची, बाहेर सरकविलेली भिंत आत घ्यायची, आधाराचे पाय उचलायचे, चाकांखालची अडण काढायची. मग एकाने मागे उभे राहून दिवे लागतात की नाही ते सांगायचे. हे अकरा वर्षे वहिनींचे काम. यंदा दादांनी त्यांना तीनदा विचारले, "लागला का?" तिन्ही वेळा दिवा लागलेलाच होता. दादांचे वय शहात्तर. ऐकू कमी येते आणि सांजवेळी रस्ता नीट दिसत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी, ५ मार्चला, राखेचा बुधवार होता. सुमारे तीस किलोमीटरवरील सॉकोरो गावातील सॅन मिगेल चर्चमध्ये आम्ही तिघे मिस्साला गेलो. सॉकोरो म्हणजे साहाय्य. १५९८ साली तेथील पिरो लोकांनी उपाशी स्पॅनिश तांड्याला मका दिला, त्यावरून हे नाव पडले. परतताना वहिनींनी विचारले, "फादर, आमचा धर्मग्राम कोणता हो?"

धर्मविधिनियमांत याचे उत्तर आहे. एखाद्या धर्मग्रामात तीन महिने राहिल्यास माणसाला तेथे तात्पुरता अधिवास लाभतो. परतण्याचा इरादा न ठेवता गेल्यास तो संपतो. ज्याला कोठेच अधिवास नाही त्याला १९८३ च्या संहितेतील शंभराव्या नियमात भटका म्हटले आहे, आणि तो ज्या क्षणी जेथे असेल तेथील धर्मगुरू हाच त्याचा धर्मगुरू. नियम उदार आहे. आम्ही तो सांगितला. वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मातीही तिथलीच. पण मिस्साला आमचे नाव माहीत असलेले कोण असेल?"

याला आमच्याकडे नियम नव्हता. आम्हां धर्मगुरूंचीही दर काही वर्षांनी बदली होते, सामान बांधणे आमच्याही अंगवळणी पडलेले. पण तीच संहिता कोणत्याही धर्मगुरूला बेवारस भटकू देत नाही. तो कोणत्या ना कोणत्या धर्मप्रांताचा वा संघाचा असलाच पाहिजे. आमच्या प्रत्येक निघण्यामागे घर उभे असते. दादा-वहिनींच्या निघण्यामागे फक्त टेक्सासमधील लिव्हिंग्स्टनचा एक पत्ता आहे. १९७८ साली स्थापन झालेली एस्केपीज ही प्रवाशांची संस्था तेथे त्यांची पत्रे सांभाळते. गाडी चालविणे झेपेनासे झालेल्यांसाठी तिचे तेथेच एक केंद्रही आहे. माणसे आपापल्या गाडीतच राहतात. जेवण आणि शुश्रूषा मिळते. वहिनींना तेथे थांबायचे आहे. दादांच्या मते थांबलेली गाडी ही गाडी नव्हे. त्यांच्या सेवेची आम्हांस धन्यता वाटते. तरी आम्हांस वहिनींचेच पटले, आणि रात्री जेवताना आम्ही ते दादांना सांगितले. दादा काही बोलले नाहीत. पक्ष्यांच्या नोंदवहीत डोके घालून बसले.

सकाळी आठ मैलांवर सॅन अँटोनिओ लागले. जगभर हॉटेले उभारणारे कॉनराड हिल्टन १८८७ साली या एवढ्याशा गावात जन्मले. तेथून एक रस्ता पूर्वेस टेक्सासकडे जातो. उत्तरेचा सॉकोरोवरून पुढे ओरेगॉनकडे नेतो. ओरेगॉनला मे महिन्यापासूनचे काम दादांनी स्वीकारले होते. फाट्यापाशी त्यांनी गाडी कडेला घेतली.

"ओरेगॉन झाल्यावर?" त्यांनी समोर पाहत विचारले.

"ऑक्टोबरात," वहिनी म्हणाल्या. "फॉर्म मी भरून ठेवते."

दादांनी मान हलविली आणि गाडी उत्तरेस वळविली. मागे फडताळात कपबश्या वाजू लागल्या. वहिनी उठून त्यांच्यामध्ये टॉवेल खोचून आल्या.